मागच्या गाडीत कोण बसणार?

अहो, ऐकलंत का? पद्मिनी गेली! या, अशा कुंपणाजवळ या. मोठ्यानं बोलायची सोय नाही, थोरल्या वहिनी गच्चीवर कुरडया घालताहेत आणि त्यांना म्हणजे सगळं ऐकू जातं.

तीच हो, समोरच्या दादांची पद्मिनी. आंब्याखाली ताडपत्री पांघरून बसलेली. दादा गेल्यापासून तिला कुणी चावी लावली नव्हती. दर दिवाळीच्या साफसफाईला थोरले म्हणायचे, यंदा भंगारात देतो. आजी म्हणायच्या, आधी मला दे. विषय तिथंच मिटायचा.

आता त्यांच्या कल्याणच्या जावईबापूंना जुन्या गाड्यांचं किती वेड आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. संक्रांतीला आले तेव्हा ताडपत्रीखाली डोकं घालून कितीतरी वेळ बेपत्ता. बाहेर आले ते केसांना जाळी-जळमटं लागलेली, पण चेहरा हा असा फुललेला. आमच्या ह्यांना वाटलं, सोनंबिनं सापडलं. सापडलं होतं आरसी बुक! १९७४ सालची गाडी. म्हणजे पन्नास वर्षं उलटली, म्हणजे व्हिंटेज. २०२१ पासून तसा नियमच आहे म्हणे. पन्नासच्या वरची गाडी मूळ रूपात असली तर वीस हजार भरायचे, दहा वर्षांची नोंदणी होते आणि नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात. रोज भाजी आणायला न्यायची नाही, फक्त मिरवायची. आणि आता मिरवायला तरी कुठं दिसतात हो त्या? मुंबईत टॅक्सीत तेवढ्या उरल्या होत्या, त्यातली शेवटचीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली.

आजींनी लगेच हो म्हटलं. लेकीच्या घरी जातेय ना! थोरल्या वहिनींनी पदर डोळ्याला लावला. पदर कोरडा होता, मी पाहिला. त्या जागेवर त्यांचा झोपाळ्यासाठी केव्हाचा डोळा आहे.

तर काय सांगत होते... हां, न्यायची कशी? जावईबापू म्हणाले, मी हायड्रॉलिक पाठवतो, सपाट पाठीची गाडी येते, वर चढवून नेईल. झालं! थोरल्यांना ते लागलं. “घरात बोलेरो असताना भाड्याची गाडी? टोचन लावून मी स्वतः पोचती करीन.” जावयापुढं बोललेला शब्द, आता मागं कसा घ्यायचा?

बोलेरो तुम्ही बघताच. २००६ ची, एमएच-१६, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. तिनं एकदा करंजी घाटात लग्नाच्या वऱ्हाडाची बंद पडलेली सुमो ओढून वर काढली होती. ती गोष्ट आपल्या गल्लीत कुणाला पाठ नाही? गेल्या गणपतीत तर सुमोत माणसंही बसलेली होती, असं त्यात नवीन आलं.

पण करंजीचा तेवढा चढ वेगळा आणि कल्याण वेगळं. नगर ते कल्याण दोनशे किलोमीटर. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, मग आण्याचं पठार, ते उतरलं की बेल्हे, आळेफाटा, ओतूर आणि पुढं माळशेज. नगर साडेसहाशे मीटरवर आणि कल्याण खाडीला टेकलेलं. पण हे त्या वेळी कुणी बोललंच नाही हो! ओट्यावर रोज संध्याकाळी जी मंडळी जमायची, त्यांचं सगळं एकाच गोष्टीवर, ओढेल का, ओढेल का. काइनेटिकमधून रिटायर झालेले काका कागद-पेन्सिल घेऊन बसायचे. बोलेरो सोळाशे किलो, पद्मिनी नऊशेच्या आसपास, झाले अडीच टन. इंजिन अडीच लिटरचं पण घोडे त्रेसष्टच. मग चष्मा वर करून म्हणायचे, “ओढेल, पण तापेल.” आता ह्या काकांनी जन्मभर लूना बनवली. लूना अडली तर माणूस उतरून पायडल मारतो. पण बोलायचं कोण त्यांना?

केडगावच्या मिस्त्रीला बोलावलं. तो बोलेरोच्या भोवती दोन चकरा मारून नुसता हसला. थोरल्यांनी पुढचं बुलबार दाखवलं, केवढं भक्कम आहे, इथं दोर बांधू. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, गाडी मागं असते.” तेवढ्यात आरटीओतून निवृत्त झालेले कोपऱ्यावरचे काका म्हणाले, “आणि बुलबार २०१७ पासून बंद आहेत, ते आधी काढा.” थोरल्यांचा चेहरा असा उतरला! चार वर्षांपूर्वी हौसेनं क्रोम करून आणलं होतं ते. दुसऱ्या दिवशी ते मागच्या अंगणात कारल्याच्या वेलाला मांडव म्हणून उभं. वेल छान चढलाय, ते बरीक खरं.

मग सुरू झाली तयारी. रेडिएटर खोलला तर आतून जे लाल पाणी निघालं, आपल्या मिसळीचा कट फिका पडावा. मिस्त्रीनं त्याची झाकणं काढून नळ्यांत सळ्या घालून घालून गंज काढला. होज पाइप दाबून दाखवले, बोटाखाली कुरकुरत होते. ते नवे, थर्मोस्टॅट नवा, पंख्याचा पट्टा नवा. क्लचप्लेट तर घासून घासून पापड... म्हणजे पातळ झालेली. ती चढावर अडीच टन घेऊन सुटली असती तर जळका वास थेट ओतूरपर्यंत. गिअरचं तेल बदललं, मागच्या हाउसिंगचं बदललं. मागच्या कमानीत एक पाटा वाढवला. तो कशाला, मी विचारलं, कारण मला वाटलं पद्मिनी काही बोलेरोच्या डोक्यावर नाही बसणार. तर म्हणे मागून हिसका बसला की पार्श्वभाग खाली बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. आणि हुक? हुक चासीच्या आडव्या पट्टीला, मागं जाड पत्रा देऊन, बोल्ट मारून. बंपरला लावला असता तर बंपर कल्याणला गेलं असतं आणि पद्मिनी टाकळीतच.

रोज एक पिशवी यायची पार्टांची आणि रोज थोरल्या वहिनी बिल हातात घेऊन ओट्यावर उभ्या. त्यातला एक आकडा त्यांनी मला दाखवला. मी काही सांगणार नाही. पण वहिनी, तेवढ्यात झोपाळा आला असता, सागवानी.

तरीसुद्धा मंडळी खूश. थोरले बोलेरो घेऊन माळीवाड्याला विशाल गणपतीला जाऊन नारळ फोडून आले. हुकाला हळदकुंकू! आणि त्याच संध्याकाळी, सगळे चहा घेत बसले होते, मी कोथिंबीर द्यायला म्हणून गेलेले, आजी आतून काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “ओढशील रे बाबा. पण थांबवशील कशी?”

अहो, काय सांगू! कप तसेच हातात. काइनेटिकचे काका कागदाकडं बघायला लागले, जसं काही त्यात लिहायचं राहूनच गेलं. आणि भिंगारचे रिसालदार, तुम्ही ओळखता, रणगाड्यांच्या सेंटरमध्ये होते, टँक म्युझियम दाखवायला आपल्या पोरांना घेऊन गेले होते ते... ते जे हसायला लागले! “आई, तुम्ही आमच्याकडं उस्ताद शोभला असता,” म्हणाले. त्यांच्यात म्हणे बंद पडलेला रणगाडा ओढायचा तर ईएमईवाले, म्हणजे लष्करातले दुरुस्तीवाले, येतात, दोन तारदोर फुलीसारखे लावतात, म्हणजे वळणावर मागचा भरकटत नाही. आणि मोठा उतार असला की ओढणारा पुढं असतोच, पण मागंही एक रणगाडा बांधतात. पुढचा ओढायला आणि मागचा धरून ठेवायला. “चढ कुणीही चढतो,” म्हणाले, “पलटणीत जीव जातो तो उतारावर.”

मग मिस्त्रीची जीभ सुटली. इतके दिवस बिचारा गप्प होता, विचारलं नाही तर कशाला सांगेल? दोर लावला तर चढावर ताणलेला राहील, उताराला सैल पडेल आणि पद्मिनी येऊन बोलेरोच्या पाठीत बसेल. लोखंडी दांडा लावला तर आदळणार नाही, पण मग मागचे नऊशे किलो वळणावर बोलेरोचा मागचा भाग ढकलत राहतील. ब्रेक बोलेरोचे, ते पुढं डिस्क, मागं ड्रम, आणि धरायचं अडीच टन. ब्रेक ऑइल किती जुनं? थोरल्यांना आठवेना. ते तेल हवेतलं पाणी ओढतं म्हणे. नवं असताना २०५ डिग्रीला उकळतं आणि पाणी मुरलेलं १४० लाच. घाटात सारखा पाय ठेवला की ड्रम-डिस्क तापून लाल, तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे, मग पायडल जातं थेट तळाला आणि गाडी जाते... त्यानं हात नुसता पुढं केला. कुठं, ते बोलला नाही. थोरल्या वहिनींनी देवाकडं बघितलं, या वेळी पदर खरंच ओला झाला असावा.

“आणि इंजिन बंद करून उतरायचं मनातही आणू नका,” म्हणाला. “ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन बंद, जोर बंद. न्यूट्रल तर नाहीच नाही. ज्या गिअरात हा घाट चढला असता, त्याच गिअरात उतरायचा.” डिझेल वाचवायला आमचे हे भाळवणीच्या उताराला न्यूट्रल करतात, मी तिथल्या तिथं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी बिस्कीट उचललं.

पण खरी मजा पुढंच आहे. थांबा, ओंजळभर शेंगा घ्या, सांगते.

दोर असो की दांडा, मागच्या गाडीत माणूस पाहिजे ना! स्टिअरिंग कोण धरणार? ब्रेक कोण मारणार? थोरले काही बोललेच नाहीत, त्यांनी नुसतं धाकट्याकडं पाहिलं. धाकटे भाऊजी गरीब स्वभावाचे, बँकेत कॅशला बसून त्यांना मान हलवायची सवयच लागलीय. त्यांनी मान हलवली. आणि आतून धाकट्या वहिनींचा आवाज आला. मोठ्यानं नाही हो, अगदी गोड, “अहो, जरा आत येता का?”

आत काय झालं ते सगळं काही मला ऐकू आलं नाही, मिक्सर चालू होता मेला. पण “प्रत्येक वेळी मागच्या गाडीत आम्हीच का?” एवढं ऐकलं. आता ते पद्मिनीबद्दल होतं की घराच्या वाटणीबद्दल, तुम्हीच ठरवा.

भाऊजी बाहेर आले ते मिस्त्रीला म्हणाले, पद्मिनीचे ब्रेक बघून घ्या. बघितले. चारही चाकांना ड्रम, आणि चारही चाकांतले सिलिंडर जाम. वर्षानुवर्षं उभी राहून पिस्टन आत चिकटलेले. एक तर हातोडीनं ठोकल्यावर चुऱ्यासकट बाहेर आलं, मी पाहिलं, त्याच्या रबराची माती झाली होती. थोरले म्हणाले, किट टाकू, आणि शिवाय गिअरमध्ये ठेवून उतरवली की इंजिन धरेलच की तिला! भाऊजींच्या तोंडावर जरा रंग आला. तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, “शाफ्ट काढायचाय, भाऊ.”

ती मागच्या चाकावर चालणारी गाडी ना! चाकं रस्त्यावर फिरली की मधला शाफ्ट फिरतो आणि तो गिअरबॉक्सला फिरवतो. इंजिन बंद असलं की आतलं तेल उडून वरपर्यंत पोचत नाही. दोनशे किलोमीटर असं सुकं फिरवलं तर गिअरबॉक्स संपला, आणि जावईबापूंना तर सगळं मूळचं पाहिजे, नाहीतर व्हिंटेज कसली? म्हणून शाफ्ट खोलून डिकीत ठेवायचा. आणि शाफ्ट काढला की गिअरला काही अर्थच उरत नाही. उरला फक्त जाम ब्रेक आणि भाऊजी.

त्यांचा चेहरा... जाऊ दे. मला रात्री झोप लागली नाही.

मग बोलले आरटीओचे काका. हे गृहस्थ म्हणजे, सगळ्यांना खोल पाण्यात जाऊ देतात आणि मग काठावरून नियम वाचतात. ओढली जाणारी गाडी चालवणाऱ्याकडं लायसन्स पाहिजे. दोन गाड्यांत पाच मीटरच्या वर अंतर नको. दोर लांबून दिसला पाहिजे. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ अशी पाटी पाहिजे. वेग ताशी पंचवीसच्या आत. काइनेटिकच्या काकांनी लगेच भागाकार केला, आठ तास! आणि ते जेवणखाण सोडून. भर वैशाखात! आजी म्हणाल्या, एवढ्या वेळात मी चालत पोचेन.

“आणि शेवटचं,” काका म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. किती सावकाश घ्यावा माणसानं घोट! “टोचन हे बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत नेण्यापुरतं असतं. जवळचं गॅरेज केडगावात आहे. ते ओलांडून कल्याणला जायचं कारण तुम्ही हायवे पोलिसाला काय सांगणार?”

रिसालदार अजून हार मानायला तयार नव्हते. म्हणाले, माळशेजमध्ये मागून एक तिसरी गाडी बांधू, धाकट्यांची अल्टो आहेच की! दारातून धाकट्या वहिनी म्हणाल्या, “म्हणजे मधल्यातही आम्ही आणि शेवटच्यातही आम्हीच?” त्यावर मात्र आजीसुद्धा हसल्या. थोरले सोडून सगळे हसले. बिचाऱ्यांनी एवढं मनापासून केलं होतं हो, रोज ऑफिसातून आले की बोलेरोच्या खालीच. कपाळाला ग्रीसचा टिळा लागलेला असायचा. मला तर तेव्हा वाईटच वाटलं.

नंतर मिस्त्रीचं काय झालं, दोनदा आला तो आणि पैशावरून... ते नंतर सांगेन, ते वेगळंच आहे.

तर काय सांगत होते, हां! परवा पहाटे गल्लीत पिवळे दिवे लुकलुकताना दिसले. मी खिडकीत. हायड्रॉलिक! जावईबापूंनी कुणालाही न विचारता पाठवून दिलं होतं. शहाणा माणूस, वाद घालत बसला नाही. ड्रायव्हर म्हणजे मिसरूड फुटलेलं पोर. त्यानं पाठ तिरकी करून जमिनीला टेकवली, तारेचा आकडा पद्मिनीच्या खाली अडकवला, बटण दाबलं आणि ती आपली चढली की वर, कुरकुरत, मुकाट्यानं. चारही चाकांना पट्टे आवळले. थोरल्या वहिनींनी टाकलेला चहा उकळायच्या आत! आंब्याखाली राहिला तो नुसता चौकोन, गवत न उगवलेला.

थोरले बाजूला कमरेवर हात ठेवून उभे. पोरगं बोलेरोकडं बघून म्हणालं, “काका, हुक लय भारी लावलाय हो! कशाला लावलाय?” थोरले म्हणाले, “असू दे. लागतो.”

आणि आजी? आजींनी नवी नऊवार नेसलेली, हातात शिदोरीचा डबा, त्या सरळ हायड्रॉलिकच्या केबिनकडं. पायरी उंच, भाऊजींनी धरून वर चढवलं. “माझ्या घरची गाडी पहिल्यांदा लेकीकडं चाललीय, मी बरोबर जाणार.” पोरगं काय बोलणार? त्यानं सीटवरचा टॉवेल झटकून दिला. मागून बोलेरोत थोरले, भाऊजी, धाकट्या वहिनी पुढच्या सीटवर. हो, पुढच्या! ते त्यांनी आदल्या रात्रीच ठरवून घेतलं होतं. थोरल्या वहिनी घरीच राहिल्या, कुरडयांचा चीक भिजत होता म्हणे.

धाकट्या वहिनींनी आल्यावर सगळं सांगितलं. थोरल्यांनी माळशेज अख्खा दुसऱ्या गिअरात उतरवला. ब्रेकला जेमतेम पाय लावला. मागं हॉर्नची रांग, एका एसटीवाल्यानं मान बाहेर काढून काय काय म्हटलं ते त्या सांगायला तयार नव्हत्या, मग सांगितलं. पण रेडिएटरचा काटा म्हणे हलला नाही जागचा. खाली टोकावड्याला पोचले तर हायड्रॉलिक केव्हाचं उभं, आजी टपरीवर भजी खात बसलेल्या आणि ड्रायव्हरला सांगताहेत, दादांनी हीच गाडी घाटात कशी... ती गोष्ट बाई आम्ही कुणीच ऐकलेली नाही. आल्या की मुद्दाम विचारणार आहे, त्या अजून कल्याणलाच आहेत.

आणि आता आजचं. सकाळी धाकट्या वहिनींच्या भावाचा राहुरीहून फोन. त्याला कुठून कळलं कोण जाणे, मी नाही सांगितलं! त्याची उसाची रिकामी ट्रॉली म्हणे वांबोरीला अडकलीय, ट्रॅक्टर बिघडलाय, तुमच्या बोलेरोला हुक लावलाय ना, जरा ओढून द्या. थोरले आंघोळीला गेलेले. फोन घेतला थोरल्या वहिनींनी. सगळं नीट ऐकून घेतलं, हूं हूं केलं आणि म्हणाल्या, “हुक विकायचाय. बोल्टांसकट. नेता का?”

श्शू... खाली उतरताहेत. ही घ्या कोथिंबीर, आणि तोंडानं काही तरी भाजीबद्दल बोला.